दुसऱ्या नंदीची धास्ती

अंकुश भोयरला जिची भीती वाटत नाही अशी गोष्ट मला अजून सापडलेली नाही. कुहीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, आता नागपुरात एका खोलीत राहतो, म्हणजे शोधायला वेळ भरपूर मिळाला आहे. कुत्रा, लिफ्ट, अनोळखी नंबरचा फोन, शेजारच्या काकूंनी वाटीभर भाजी दिली तर रिकामी वाटी परत करताना काय बोलायचं, या सगळ्याला तो भितो. त्यामुळे यंदा पोळ्याच्या आधी त्याचं जेवण तुटलं तेव्हा मी लक्षच दिलं नाही. म्हटलं, नेहमीचंच असेल. नेहमीचं नव्हतं. त्याचा दुसरा गेम तयार होत आला होता.

अंकुश रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात एक्स-रेचे रिपोर्ट टाईप करतो. डॉक्टर बोलतात, हा बडवतो. घरी आल्यावर जुन्या लॅपटॉपवर गेम करतो. त्याचा पहिला गेम ‘चाकाचा नंदी’. उड्यांचा गेम, म्हणजे डावीकडून उजवीकडे पळायचं, मधे खड्डा आला की उडी मारायची, चुकली की पडायचं. यात पळणारा एक लाकडी नंदी आहे, तान्ह्या पोळ्याला पोरं दोरीनं ओढत नेतात तसा, चार चाकांचा. नागपुरातल्या महाल भागातल्या घरांच्या छतांवरून, पत्र्यांवरून, पाण्याच्या टाक्यांवरून उड्या मारत त्यानं तोरण तुटायच्या, म्हणजे बैलांची रांग सुटायच्या आत पोळ्यात पोचायचं. पायांऐवजी चाकं असल्यामुळे तो उतरला की थांबत नाही, थोडा घसरतो. तेवढ्या घसरण्यात लोकांचे जीव जायचे. पडला की गल्लीतलं एक शेंबडं पोरगं त्याला उचलून पार पहिल्या घराशी नेऊन ठेवायचं.

हा गेम चांगला का झाला ते मला माहीत आहे, कारण मी कुहीचा आहे. आमच्या शाळेमागून धानाच्या बांध्यांना पाणी देणारा पाट जायचा. वर्गातली सगळी पोरं तो उडी मारून ओलांडायची. अंकुश दूरच्या पुलावरून वळसा घालून यायचा आणि घामाघूम होऊन आमच्यात मिळायचा. पण निघण्याआधी तो रोज काठावर उभा राहून पाटाकडे बघायचा. कुठं रुंद आहे, कुठं दगड सुटा आहे, कोणाचा पाय कुठं पडतो, त्याला पाठ झालं होतं. एकदा रोहित नावाच्या पोराला तो म्हणाला, आज नको मारू, काठ ओला आहे. रोहितनं मारली आणि पुस्तकांसकट पाण्यात गेला. न उडणाऱ्या माणसाला अंतराची जेवढी जाण असते तेवढी उडणाऱ्याला नसते. ‘चाकाचा नंदी’मधली प्रत्येक फट अशी होती की जमेल असं वाटावं आणि पोटात गोळा यावा. ती मोजून काढलेली नव्हती, भिऊन काढलेली होती.

गेम पसरला तो धर्मेंद्र परातेमुळे. महालात एका गल्लीच्या तोंडाशी त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, दोन माणसं आत गेली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं एवढं. अंकुशनं फोनची काच बदलायला दिली, धर्मेंद्रनं काच बसवली आणि टच चालतो का ते बघायला समोर दिसला तो गेम उघडला. तासाभरानं अंकुश फोन न्यायला गेला तर मिळेना. त्या दिवसापासून धर्मेंद्रची रीतच पडली. दुरुस्त झालेल्या प्रत्येक फोनवर तो नंदी टाकायचा आणि पत्र्यांपर्यंत नेऊन बघायचा. नंदी तिसरा पत्रा ओलांडून गेला की टच ठीक, गिऱ्हाईकाला फोन परत. गेम काढून टाकायचं तो विसरायचा, म्हणजे विसरला असं सांगायचा. अशा रीतीनं निम्म्या महालाच्या खिशात नंदी शिरला. लोक वाट बघत दुकानासमोर उभे राहायचे, खेळायचे, पडायचे आणि शिव्या द्यायचे. नंदीला, त्या शेंबड्या पोराला आणि ज्यानं हा गेम केला त्याला. ज्यानं केला तो बाजूलाच चेहरा पाडून उभा असायचा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कुहीत कोणी शिवी दिली तर तिचा अर्थ शिवीच असतो, मग दोन पिढ्या बोलणं बंद. महालात तसं नाही. महालात माणूस जेवून तृप्त झाला तरी शिवी देतो, मित्र भेटला तर आधी शिवी, मग हालहवाल. अंकुशला नागपुरात येऊन बरीच वर्षं झाली, पण हे त्याच्या आत उतरलंच नाही. त्यानं प्रत्येक शिवी तक्रार म्हणून मनात ठेवली.

आणि दुसरा गेम करायला बसला तेव्हा त्या सगळ्या तक्रारी दूर करायला बसला.

भीतीचं म्हणाल तर यंदा तिनं कळस गाठला होता. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुसरा नंदी येणार असं अंकुश कुठंतरी लिहून बसला आणि पहिल्या गेमखाली लोकांच्या कमेंट सुरू झाल्या. त्या वाचायची त्याची हिंमत नव्हती. मी वाचून दाखवायचो, तो भिंतीकडे तोंड करून ऐकायचा. मी मुद्दाम मधे थांबलो की म्हणायचा, वाईट आहे का, वाईट आहे तर सरळ सांग. मी म्हणायचो, अरे बाबा, जांभई आली. लोक लिहायचे, पहिल्यासारखा असू दे, पहिल्यापेक्षा भारी असू दे, बिघडवू नको. बिघडवू नको हे शब्द ऐकले की तो उठून संडासात जायचा. घामानं त्याचे अंगठे इतके ओले राहायचे की फोन त्याचा टच घ्यायचा नाही. स्वतःच्या गेमची उडी त्याला स्वतःला मारता येईना. डब्यातली पोळी तो घडी घालून परत झाकायचा. टायपिंग करताना एका म्हातारबुवांच्या डाव्या पायाचा रिपोर्ट उजव्या पायावर गेला. डॉक्टरांनी सही करताना पकडला म्हणून बरं, नाहीतर तिथंच उड्यांचा खेळ झाला असता.

भर म्हणून धर्मेंद्रच्या दुकानासमोरची पोरं. तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक एकाच दिवशी. मारबत ही इडापिडा घेऊन जाणारी पुतळी, तिच्या मागून बडगे निघतात, म्हणजे वर्षभर ज्यानं लोकांना छळलं त्याचे पुतळे, वाजवत नेतात आणि जाळतात. पोरांनी अंकुशला सांगितलं, दुसरा नंदी फुसका निघाला तर यंदाचा बडगा तुझा, मापाचा शर्ट देऊन ठेव. मी हसलो. अंकुश खोलीवर आला आणि शर्टांची पिशवी कपाटात वरच्या फळीवर ठेवली.

एकदा मी त्याला विचारलंच. पहिला गेम निम्म्या गावानं खेळला, आणखी काय पाहिजे? काहून भेऊन राहिला?

त्यानं लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, “पह्यला तुक्का असला तर?”

“म्हणजे?”

“एकदा लागते गा कोणाचंही. दुसरा पडला तर मले माहीत होऊन जाईन का मी रिपोर्ट टाईप करणारा माणूस आहो. बस. तेवढाच आहो.”

मी काहीतरी फालतू बोललो, आता आठवत नाही. पण त्यानंतर मी कमेंट वाचताना जांभया देणं बंद केलं.

दुसरा नंदी दिसायला देखणा झाला होता. चाकांच्या जागी चार पाय आले होते, तो उतरला की जागच्या जागी थांबायचा. पुढची उडी कुठं मारायची ते एक बाण दाखवायचा. दर छतावर झेंडा होता, म्हणजे पडलाच तर शेवटच्या झेंड्यापासून सुरू करायचं. आणि ते शेंबडं पोरगं गेलं होतं. त्याच्या जागी फुलांची एक झूल खाली पसरलेली असायची, नंदी त्यात पडला की ती त्याला वर उडवून द्यायची. अंकुशनं पहिल्यांदा दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या काजल बागडेला खेळायला दिला. जेवणाच्या सुटीत तिनं पूर्ण गेम संपवला आणि म्हणाली, मस्त आहे, मी एकदाही अडले नाही. अंकुश त्या दिवशी दोन पोळ्या जेवला. मला म्हणाला, काजलताई अडली नाही. मी म्हटलं, चांगलं आहे. मला काय कळणार होतं.

पोळा तोंडावर आला तेव्हा आम्ही महालात गेलो. धर्मेंद्रला दाखवल्याशिवाय गेम बाहेर सोडायचा नाही असं अंकुशनं ठरवलं होतं. महालापर्यंत गाडी मी चालवली. मागे बसून तो माझा शर्ट असा धरून होता की माझं बटण तुटलं.

दुकानात गर्दी होती. धर्मेंद्रनं डोळ्याला लावलेलं भिंग वर सरकवलं, हातातला उघडा फोन बाजूला ठेवला, अंकुशचा फोन घेतला. बाहेरची पोरं काउंटरवर वाकली. अंकुश दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिला. मी बघत होतो त्याच्याकडे, तो बघत होता धर्मेंद्रच्या अंगठ्याकडे.

पहिली गल्ली झाली. दुसरी झाली. नंदी एकदा पडला, झुलीनं वर उडवला, पुढे निघाला. धर्मेंद्रचा चेहरा रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरसारखा होता. पोरांपैकी एकानं मधेच खिशातून स्वतःचा फोन काढला आणि व्हॉट्सॲप बघायला लागला. कोणी शिवी देत नव्हतं. त्या दुकानात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती, आतल्या पंख्याला आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं.

चौथ्या गल्लीनंतर धर्मेंद्रनं फोन रुमालानं पुसला आणि दोन्ही हातांनी परत दिला.

“छान बनवला, अंकुशभाऊ,” तो म्हणाला. “मेहनत दिसते.”

अंकुशभाऊ. इतक्या वर्षांत धर्मेंद्रनं त्याला बे सोडून दुसरी हाक मारली नव्हती. पोरांनी माना हलवल्या. एकानं चहा सांगू का विचारलं. बडग्याचं नाव कोणी काढलं नाही. घरात कोणी वारल्यावर माणसं बोलतात तसं ती पोरं हळू आवाजात बोलत होती, आणि अंकुश हात जोडून त्यांचे आभार मानत होता.

बाहेर आल्यावर तो गाडीवर बसेना. तसाच चालायला लागला. मी गाडी ढकलत मागे. ओठ पांढरे पडलेले. मला वाटलं चक्कर येणार, म्हणून रसवंतीच्या बाकावर बसवलं.

“त्यायनं मले भाऊ म्हटलं,” तो म्हणाला.

मी दोन ग्लास रस सांगितला.

“तुले समजलं का? त्यायले खराब नाही वाटला. काहीच नाही वाटलं.”

खोलीवर आल्यावर त्यानं पहिला नंदी उघडला. कितीतरी महिन्यांनी. आधी पँटला हात पुसले, मग खेळायला बसला. तिसऱ्या पत्र्याशी आला आणि थांबला. गेम त्यानं केलेला, फट त्यानं ठेवलेली, तरी उडी मारायला त्याचा अंगठा उठेना. श्वास रोखून त्यानं मारली, नंदी उतरला, घसरला, मागची चाकं हवेत गेली. शेंबडं पोरगं आलं आणि घेऊन गेलं. अंकुशनं तोंडातल्या तोंडात एक शिवी दिली. ती मी लिहीत नाही, पण त्यानं ती बरोबर दिली होती, महालातल्यासारखी, शेवटच्या अक्षरावर जोर देऊन. मग तो माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, आता रडतो.

“पह्यला मी पडायले भेऊन बनवला होता,” तो म्हणाला. “हा लोकायले भेऊन बनवला.”

तान्ह्या पोळ्याला दुसरा नंदी आला नाही. अंकुशनं दोन ओळी लिहिल्या, थोडा वेळ लागेल, माफ करा, आणि फोन बंद करून उशीखाली ठेवला. त्या दिवशी मी मिरवणूक बघायला महालात गेलो, तो आला नाही. दारू, महागाई, रस्त्यातले खड्डे, सगळ्यांचे बडगे निघाले. अंकुशचा कुठंच नव्हता. परत येऊन सांगितलं तर त्याला बरं वाटेल असं वाटलं होतं. त्यानं फक्त विचारलं, कोणी विचारलं का माझ्याबद्दल? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, हूं.

नंतरचे दिवस वाईट गेले. त्याला वाटायला लागलं की आता काहीही केलं तरी बिघडणार. चाकं परत लावली तर लोक म्हणतील जुनाच विकतो आहे, पाय ठेवले तर म्हणतील भाऊ. लॅपटॉप उघडायचा, बघत बसायचा, मिटायचा. त्याचे वडील, धोंडबा, फोनवर दर वेळी विचारायचे, तुझ्या बैलाचं काय झालं. गेम म्हणजे काय ते त्यांना नीट माहीत आहे, पण बैल म्हटलं की त्यांना बोलायला सोपं जातं. एका संध्याकाळी फोन स्पीकरवर होता म्हणून मीही ऐकला. अंकुशनं सांगितलं, दुसरा बैल चालून नाही राहिला. धोंडबांनी विचारलं, काय खोट आहे? अंकुश म्हणाला, खोट नाही, लय लाडावला. यावर धोंडबा एवढंच म्हणाले की मग त्याचे लाड बंद कर, आणि कुहीच्या बाजारात मिरचीचा काय भाव आहे ते सांगायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं काढायला सुरुवात केली. बाण काढला. झूल काढली. झेंडे काढताना त्याचा हात थांबायचा, मला हाक मारायचा, हा काढू का, इथं म्हाताऱ्या बाया अडकतीन. मी म्हणायचो, काढ. असं करत एकूण खेळातल्या निम्म्याहून जास्त गल्ल्या टाकून द्याव्या लागल्या, कारण त्या सगळ्या झुलीच्या भरवशावर उभ्या होत्या. झूल गेल्यावर तिथं उडी नावाची गोष्टच उरली नाही. पाय मात्र त्यानं ठेवले. चाकांचं घसरणं परत आणायचं नाही म्हणाला, ते पहिल्याचं होतं. त्याऐवजी नव्या नंदीला उडीआधी क्षणभर दबावं लागतं, खऱ्या बैलासारखं. तेवढा क्षण उशीर झाला की पत्रा संपलेला असतो. ती उडी पहिल्यांदा जमवली त्या दिवशी तो खोलीत येरझारा घालत होता आणि मला सारखं म्हणत होता, बघ, बघ, भीती वाटते की नाही? मी खेळून बघितलं. वाटत होती.

गेम बाहेर आला तेव्हा दिवाळीही होऊन गेली होती. कोणाला सांगितलं नाही, काही लिहिलं नाही. दोन-तीन दिवसांनी अंकुश स्वतःच म्हणाला, महालात जाऊ. या वेळी माझा शर्ट त्यानं धरला नाही, पण मागे बसून पूर्ण रस्ता काहीतरी पुटपुटत होता. देवाचं नाव असेल असं समजून मी विचारलं नाही.

धर्मेंद्रच्या समोर एक बाई फोनची बॅटरी बदलायला उभ्या होत्या. त्यांची बॅटरी अर्धी निघालेली तशीच राहिली. धर्मेंद्र खेळायला लागला. पडला. परत सुरुवातीला गेला. परत पडला. भिंग डोळ्यावरून काढून ठेवलं. अंकुश चौकटीपाशी नव्हता, काउंटरला टेकून होता, आणि त्याच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती. बाईंनी दोनदा घड्याळ बघितलं. तिसरी गल्ली संपली तेव्हा धर्मेंद्रनं मान वर केली.

“पह्यल्याची गोष्ट नाही बे याच्यात,” तो म्हणाला.

मी अंकुशकडे बघायचं टाळलं. ज्या वाक्याच्या भीतीनं त्या माणसाचं अर्धं वर्ष गेलं होतं, ते वाक्य चहाच्या टपरीवर साखर कमी आहे म्हणावं तसं त्याच्या तोंडावर आलं होतं. मला वाटलं, आता हा दारातून निघेल आणि थेट कुहीची बस पकडेल.

“कुठं?” अंकुश म्हणाला.

“काय कुठं?”

“कुठं नाही ते दाखव ना. तसंच नको बोलू.”

धर्मेंद्रनं जरा विचार केला. मग नंदीला पुन्हा पहिल्यापासून चालवत टाकीच्या पलीकडच्या पत्र्यांपर्यंत आणलं आणि काचेवर नखानं टकटक केलं. “इथं. इथं तू मले वाचवून राहिला. कोणीही उडी मारली तरी जमते.”

“नाही जमत.”

“जमते बे.”

“नाही जमत,” अंकुश म्हणाला. आवाज कापत होता, पण उंच होता. बाहेरची पोरं आत वाकली. “तू आधीच दबून येते म्हणून जमते. नवीन माणूस पडते तिथं.”

“मग तू मार,” धर्मेंद्र म्हणाला आणि फोन त्याच्यासमोर सरकवला. “नवीन माणसासारखी मार.”

अंकुशनं शर्टाला अंगठा पुसला, श्वास घेतला आणि मारली. नंदी पत्र्याच्या कडेला लागला, क्षणभर तिथं लटकल्यासारखा झाला आणि सगळ्यांसमोर खाली गल्लीत गेला. पोरं ओरडली. अंकुश धर्मेंद्रकडे बघत राहिला, आणि धर्मेंद्र त्या रिकाम्या पत्र्याकडे.

“बरं,” धर्मेंद्र शेवटी म्हणाला. “हा ठीक आहे. याच्या पुढचा नाही.” त्यानं पायानं एक स्टूल अंकुशकडे ढकललं. बॅटरीवाल्या बाईंनी त्यांचा फोन कधी मिळेल ते विचारलं, तर उत्तर द्यायला दोघांनाही सवड नव्हती. मी त्यांना सांगितलं, ताई, एखादं काम असेल तर करून या.